ज्याने सोडली, त्यानेच जोडायची

आमच्या गॅरेजमध्ये बाबांचा एक नियम होता. बॅटरीची तार ज्याने सोडली, त्यानेच जोडायची. मग सोडणारा जेवायला गेलेला असो, नाहीतर रुसून घरी बसलेला. गाडी कामाला घेतली की आधी मायनसची तार सोडायची, तिच्या टोकाला चिंधी गुंडाळायची. जोडताना मायनस सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी "हात बाहेर!" अशी आरोळी ठोकायची. ती ऐकून शेजारचा शिंपीसुद्धा शिलाईच्या मशीनवरचा हात उचलायचा.

दादा आणि मी, दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलो. दादा शांत, मी त्याची धाकटी बहीण फटकळ. पण कामावर तिघांचे हात असे चालायचे की बोलावंच लागत नसे. बाबांनी नुसता तळवा पुढे केला की कितीचा पाना हवा ते आम्हाला कळायचं. ते दिवस आठवले की आजही मन भरून येतं. तसं सुख मला पुन्हा कुठल्याच कामात मिळालं नाही.

बाबा पंच्याहत्तरीला आले आणि विसरायला लागले. चष्मा, किल्ल्या, गिऱ्हाइकांची नावं. "वयच झालं आता," असं म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर आम्ही घाबरलो होतो आणि मूग गिळून बसलो होतो. त्यांना काम सोडा म्हणून सांगणार कोण?

मग तो दिवस आला. दादाने एका गाडीची तार सोडली होती आणि रेडिएटरचा पाइप बदलायला पंख्यामागे हात घातला होता. इंजिन अजून तापलेलं होतं. बाबा आले, चिंधी काढली आणि तार जोडून टाकली. आरोळी नाही, काही नाही. मी समोरच होते, बाबांना तार जोडताना पाहत होते; दादाचा हात तेवढा मला दिसत नव्हता. पण बाबा जोडतायत म्हणजे काम झालंच असणार, असं मला वाटलं. उभ्या आयुष्यात त्यांच्यावर शंका घ्यायची सवयच नव्हती. बाबा हात धुवायला नळाकडे वळले आणि पंखा सुरू झाला. इंजिन तापलेलं असलं की त्या गाडीचा पंखा चावी नसतानाही फिरायचा.

दादाच्या दोन बोटांची सालं निघाली, एक नख गेलं. हाड वाचलं, नशीब. ओरडणं ऐकून बाबा ओल्या हातांनी धावत आले.

"तार कुणी जोडली?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"मीच, बाबा," दादा म्हणाला. "घाई झाली."

मग बाबांच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! "गाढवा, हात काय भाड्याने आणलेत? परत करायचेत? तीस वर्षं काय माश्या मारल्यास?" एका हाताने ते दादाच्या बोटांना पट्टी बांधत होते आणि तोंड चालूच होतं. केस पिकलेला माझा भाऊ मान खाली घालून सगळं ऐकत राहिला.

संध्याकाळी दादाने मला बजावलं, "सांगू नकोस. खचतील ते."

"आणि उद्या बोटंच गेली तर?" मी म्हटलं. "तुझी नाहीतर माझी?"

मला धीर होत नव्हता, पण जेवताना मी सांगून टाकलं. "बाबा, तार तुम्ही जोडलीत. मी पाहिलं."

बाबांनी उचललेला घास ताटात ठेवला. मला माझीच जीभ उपटून टाकावीशी वाटली. मग त्यांनी दादाला विचारलं, "एवढी बोलणी का खाल्लीस मग?"

"बरं वाटत होतं, बाबा," दादा म्हणाला. "तुम्ही अगदी पूर्वीसारखे ओरडत होतात."

बाबांनी त्याचा पट्टी बांधलेला हात जवळ ओढला आणि गाठ सैल झालीय का ते पाहिलं. गाठ घट्ट होती.

"उद्यापासून मी कुठल्याच गाडीला हात लावणार नाही," ते म्हणाले. "ओरडायला मात्र येईन."

त्यानंतर चार वर्षं, रोज सकाळी नऊच्या ठोक्याला, ते ओरडायला आले.