चार नंबरची बाटली

बाबा गेल्यावर प्रयोगशाळेतल्या नव्या केमिस्टांचा वर्ग माझ्याकडे आला. आत काय आहे ते न सांगता पाण्याच्या सहा बाटल्या द्यायच्या आणि प्रत्येकीत नायट्रेट किती ते शोधायला लावायचं, ही त्यांचीच पद्धत. उत्तरांची चिठ्ठी त्यांनी आजारपणातच पाकिटात बंद करून ठेवली होती.

नऊ जणांचे कागद जमल्यावर मी पाकीट हातात घेतलं. ते एकदा उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं.

चिठ्ठीवर चार नंबरपुढे लिहिलं होतं: नुसतं डिस्टिल्ड वॉटर. आठ जणांना त्यातही नायट्रेट सापडलं होतं. शून्य लिहिलं होतं एकाच मुलीने. तिची निवड बाबांची, आणि शेवटच्या आठवड्यात ती त्यांना घरी भेटून गेली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

“चारचं उत्तर कोणी सांगितलं तुला?”

“कोणी नाही, मॅडम.”

“घरी आली होतीस तेव्हा?”

तिचा चेहरा उतरला. लबाडी ठरली तर नोकरी जाणार, हे तिला कळत होतं. तिने वही पुढे केली. चार नंबर: ०.३. त्याखाली, नमुना न घालता, चाचणीत वापरायच्या आपल्याच पाण्याची चाचणी, तीनदा: ०.३. मग वजाबाकी: शून्य. प्रत्येक ओळीपुढे वेळ, कुठेही खाडाखोड नाही.

“सर म्हणाले होते, आधी स्वतःच्या पाण्यावर संशय घे. एवढंच.”

मी माफी मागायला हवी होती. पण मी विचारलं, “मग पाकीट कोणी उघडलं?”

काचसामान धुणारे मामा मोरीपाशी हसले. “चोर सोडून संन्याशाला सुळी! पाकीट तुझ्या बाबांनीच उघडलं. मला जुन्या फायली उपसायला लावल्या, एक कागद काढून आत घातला. म्हटलं, हे आता कशाला? तर म्हणे, मामा, तुम्ही बाटल्या धुवा.”

मी पाकीट उलटं करून झटकलं. तळाशी अडकलेला घडीचा कागद पडला. बारा वर्षांपूर्वीच्या माझ्या चाचणीचा, माझ्या अक्षरातला. चार नंबर: १.२. खाली बाबांची सही आणि शेरा: उत्तीर्ण.

तेव्हाही चारमध्ये डिस्टिल्ड वॉटरच असणार. त्यात काही सापडलेल्या प्रत्येकाला बाबांनी कारण न सांगता दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणीला उभं केलं होतं. मला नाही. मला वाटलं होतं, माझं बरोबर आलं. वशिलेबाजी झाली होती खरी, पण माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी आठ जण पुन्हा उभे राहिले. मीही कोट चढवून त्यांच्या रांगेत गेले आणि त्या मुलीला म्हणाले, “काल चुकलं माझं. आज माझी वही तू तपास.”

मी चार नंबरची बाटली उचलली.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “आधी आपलं पाणी.”