दोन मिशांची पैज

पैज आम्ही जिन्यातच लावली. गणिताचे निवृत्त मास्तर म्हणाले, "पानाशेठ काही उठत नाही आता."

मी म्हणालो, "महिन्याभरात उठेल, तुमचा गळका नळ दुरुस्त करेल आणि वर तुम्हालाच शिवी हासडेल!"

हरेल त्याने फाटकात खुर्ची टाकून मिशी उतरवायची. ठरलं.

पानाशेठ म्हणजे तळमजल्यावरचा प्लंबर. त्याच्या फिटा अकरा दिवस थांबेनात. एक औषध झालं, दुसरं झालं, शेवटी आयसीयूत भूल देऊन गाढ झोपवला. डोक्याला तारा, तोंडात नळी. भूल कमी केली की झटके हजर!

मास्तर भेटायला गेले. हाक मारली, पायाला चिमटा काढला आणि बाहेर येऊन पानाशेठच्या बायकोला म्हणाले, "काही उरलं नाही हो वहिनी. यंत्र काढायला सांगा, सोडवा त्याला."

वहिनींच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी मला घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे उभ्या राहिल्या.

"चिमटा काढला तरी हलत नाहीत हो."

"हलू नयेत म्हणूनच तर औषध चालू आहे! चिमटा कोणी काढला?"

"गणिताच्या मास्तरांनी," मी खुदकन हसलो.

"तुम्ही दात काढू नका. जगतील की नाही, मला माहीत नाही. जगले तरी होते तसेच परत मिळतील, असंही नाही. पण आज हात टेकावेत असं काही दिसत नाही."

वहिनींनी डोळे पुसले. "मग चालू ठेवा."

सत्ताविसाव्या दिवशी भूल उतरवली. झटके आले नाहीत. अडीच महिन्यांनी पानाशेठ वहिनींचा हात धरून, स्वतःच्या पायांनी फाटकातून आत आला.

"काढा मिशी, मास्तर!" मी नाचत पानाशेठच्या हातात पाना दिला.

त्याने तो उलटसुलट पाहिला. "हे कशाला असतं, काका?"

वीस वर्षांची यारी, आणि मी काका!

"हरलात!" मास्तर ओरडले. "महिना कधीच उलटला!"

"उठलाय ना तो? तुम्ही हरलात!"

"दोघंही हरलात," वहिनी म्हणाल्या. "टाका खुर्च्या."

कोपऱ्यावरच्या न्हाव्याला त्यांनीच बोलावलं. "साबण नको हो, कोरडीच होऊ दे."

अख्खी इमारत गोळा झाली. आधी मास्तरांची गेली, मग माझी. पानाशेठ वाकून माझं तोंड निरखत होता.

"डावीकडे राहिली की हो थोडी," त्याने न्हाव्याला दाखवलं.