रुईच्या खोलीतला भोंगा

बाहेरून कडी बसली आणि कडूबाने सवयीने हात वर केला. हाताला नुसती भिंत लागली. नवा भोंगा दोन पुरुष उंचीवर होता.

पिंपळगाव राजाच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या त्या जिनात आगीच्या इशाऱ्याची सगळी यंत्रं एकाच कंपनीची. पितळी पट्टीवर कोंबड्याची छाप, म्हणून सगळे त्यांना कोंबडाच म्हणत. पहिला कोंबडा म्हणजे दोरीची घंटा. ती कडूबाने कानांनी ऐकली होती. दुसरा हाताने फिरवायचा भोंगा. तोवर यंत्रांच्या घरघरीत कान गेले, पण मुठीतली थरथर सांगायची की वाजतोय. हा तिसरा, विजेचा. सोबत उघडझाप करणारा लाल दिवा. तो दिवा मॅनेजर भगवंतरावांनी फाटकावर लावायचं ठरवलं होतं. आग आत, शोभा बाहेर!

कडूबाचं बहिरेपण फक्त त्याच्या बायकोला, रुखमाबाईला ठाऊक होतं. ती याच खोलीत रुई तुडवायची. रुई उडू नये म्हणून दार बाहेरून लावायची रीत होती. आतून थाप आली तरच कडी निघे.

आज बाहेर कंपनीचा माणूस बटण दाबणार, आत या दोघांनी ऐकून थाप मारायची. भगवंतरावांनी सकाळीच बजावलं होतं,

"ज्याले ऐकू येत नाही, त्याले उद्यापासून सुट्टी."

"वाजला का पदर डोक्यावर घे," कडूबाने तिला सांगितलं होतं. "मी थाप मारतो."

तिने मान डोलावली होती.

आता तो पदराकडे बघत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे. पापण्यांवर रुई बसू लागली. पदर काही हलेना.

घरीही ती अशीच समोर बसून बोलायची, रॉकेलची चिमणी मध्ये ठेवून. ते आपल्याला ओठ दिसावेत म्हणून, असं त्याला वाटायचं. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला,

"रुखमा, आग!"

वळून पाहिलं. ती शांतपणे रुई तुडवत होती. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार! वीस वर्षांच्या संसारात हे आपल्याला कळू नये, याची त्याला भयंकर लाज वाटली.

दार उघडलं. कडूबा भगवंतरावांचे ओठ वाचू लागला.

"तीनदा वाजवला. थाप काऊन मारली नाही?"

"रुईत आवाज दबला असेल," कंपनीचा माणूस म्हणाला. "भोंगा मोठा बसवू."

नोकरी वाचवणारं वाक्य आयतं मिळालं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. कडूबाने एकदा त्या कडीकडे पाहिलं.

"भोंगा राहू द्या, साहेब. फाटकावर लावायचा दिवा इथं अंदर लावा."

"काऊन?"

"मले ऐकू येत नाही." त्याने रुखमाबाईकडे बोट केलं. "इलेबी येत नाही."

रुखमाबाई त्याच्या ओठांकडे बघत होती. तिने हळूच पदर डोक्यावर घेतला.