गाळलेली प्रार्थना

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आत्याचे वाचन पंधरा दिवस बंद केले आणि शिक्षा मला झाली. कवितेतल्या मौनावर दोनशे पानांचा प्रबंध लिहिणारा मी, रोज दुपारी तिच्या शिवणयंत्राशेजारी बसून, ओसाड माळरानावर वसाहत करणाऱ्या भाविक माणसांची प्रेमकथा मोठ्याने वाचू लागलो.

आत्याची पन्नाशी उलटली होती. लग्न राहून गेले होते. समोरच्या दुकानातल्या विधुर घड्याळजींनी नुकतीच तिला मागणी घातली होती. "पुस्तकातल्या बाईचं काय ठरतं ते कळू द्या, मग सांगते," असे तिने त्यांना कळवले होते. मला ती थट्टा वाटली.

प्रार्थना आली की मी पान उलटायचो. अनावश्यक ते गाळणे हाच तर कवितेचा धर्म! गुरुवारी नायिकेने दारात उभ्या असलेल्या पाद्र्याला नकार दिला. तो बर्फात निघून गेला. पुढे प्रकरण संपेपर्यंत प्रार्थनाच दिसली. मी पुस्तक मिटले.

"नाही म्हणाली?"

"स्पष्ट."

संध्याकाळी घड्याळजी वर घरी आले, तेव्हा आत्याने त्यांना तेच उत्तर दिले. "बरं," एवढेच म्हणून ते जिना उतरले; तेवढ्यातही त्यांची एक पायरी चुकली.

शुक्रवारी नवे प्रकरण उघडले. नायिका लग्नाचा झगा शिवत होती.

"थांब. कोणाशी लग्न?"

"पाद्र्याशी."

"तो तर गेला होता ना रे!"

मी गाळलेली पाने चाळली. प्रार्थनेच्या मध्यावर नायिकेने कबूल केले होते, की नकार तिचा नव्हता, भीतीचा होता. 'आमेन' म्हणून ती अनवाणी बर्फात धावली होती.

"मेल्या, किती प्रार्थना गाळल्यास?"

"सगळ्याच."

"देव घेईल समजून. माझं काय?" तिने पुस्तक माझ्या छातीवर आपटले. "जा, त्यांना ही पानं वाचून दाखव. एक शब्द गिळलास तर याद राख!"

"तूच सांग ना."

"मला वाकायलासुद्धा मनाई आहे. धावू कशी?"

दुकानात पन्नास घड्याळे टिकटिकत होती. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून ऐकत राहिले. मी ओशाळ्या आवाजात शेवटच्या ओळीपर्यंत आलो आणि थांबलो.

"हे त्या बाईचं, की तुझ्या आत्याचं?"

"दोघींचं."

"संपलं?"

"एक शब्द राहिलाय."

"मग म्हण की!"

"आमेन," मी म्हणालो.

भर दुपारी त्यांनी दुकानाचे शटर खाली ओढले आणि आमचा जिना गाठला. डोळ्यावरचे भिंग काढायचे मात्र ते विसरले.