धोंडुबाईचा पाय

डॉक्टर हंबीरराव घार्गे रागावले की चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. संयोगितानं वडूजच्या त्यांच्या दवाखान्यात व्हिडिओ कॉलवर पेशंट बघायचं काढलं, त्या दिवशी चष्मा सकाळपासून टेबलावरच पडून होता.

संयोगिता त्यांची थोरली लेक. मिरजेला डॉक्टरकी शिकून ती वडिलांच्याच दवाखान्यात बसायला लागली होती. ती म्हणाली, "आबा, आपले मेंढरंवाले पेशंट दिवाळी झाली की खाली नदीकाठाला जातात. सहा-सात महिने त्यांची शुगर कोण बघतं?"

हंबीररावांना धोंडुबाई आठवली. दरसाल ती कळप घेऊन कृष्णाकाठच्या रानात जायची. संक्रांतीपर्यंत गोळ्या संपवायची आणि पावसाच्या तोंडावर शुगर पार चढवून परत यायची. मग डॉक्टर तिला फैलावर घ्यायचे आणि ती हसत हसत ऐकून घ्यायची. एकदा तर त्यांचा ओरडा संपल्यावर तिनं काखेतली नवी घोंगडी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली होती.

"बरं," ते शेवटी म्हणाले, "त्यात धोंडुबाईला धर. मग बघू तुझं."

धोंडुबाईच्या सुनेकडे, स्वप्नालीकडे, बरा फोन होता. संयोगितानं तिला शुगर तपासायचं छोटं यंत्र दिलं, बोटाला सुई कशी टोचायची ते दाखवलं. दिवाळीनंतर पहिला कॉल लागला, तेव्हा पडद्यावर नुसता एक कान दिसला. धोंडुबाईनं फोन नेहमीसारखा कानाला लावला होता.

"धोंडुबाई, कान झकास हाय तुझा. बुगडी बी चांगली हाय," डॉक्टर म्हणाले. "आता तोंड दाव."

पलीकडून स्वप्नालीचं खुसखुसणं ऐकू आलं. आणि वडूजला, लेकीला दिसू नये म्हणून तोंड फिरवून, हंबीररावही हसले.

मग दर मंगळवारी कॉल व्हायला लागला. शुगर किती, गोळ्या घेतल्या का, हे दोन मिनिटांत उरकायचं. बाकीचा वेळ धोंडुबाई कुठल्या रानात मेंढरं बसवली, कुठली मेंढी व्याली, हे सांगत राहायची. डॉक्टर ऐकत राहायचे. बाहेर पेशंट खोळंबले की संयोगिता दारातून डोकावून जायची.

पौषात मात्र शुगर चढायला लागली. गोळ्या तर चालू होत्या. एका मंगळवारी कॉलवर डॉक्टरांनी नीट बघितलं. एरवी बोलता बोलता दहा वेळा उठणारी धोंडुबाई आज एका जागी बसून होती.

"पायाला काय झालंय?"

"काय बी न्हाई."

"आत्या लंगडत्यात," मागून स्वप्नाली म्हणाली. "काटा मोडलाय कवाचा."

"आवं, बारका काटा. दुखत सुदिक न्हाई," धोंडुबाई म्हणाली.

दुखत नाही म्हटल्यावर डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. शुगरनं पाय बधिर झाला की आतून सडत गेला तरी माणसाला कळत नाही.

"पाय दाव बघू."

"न्हाई." तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "फोनात तुमचं तोंड हाय. त्याच्यापुढं पाय धरू व्हय? माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

संयोगिता पुढं झाली. "मावशी, आबा बाहेर जातील. मला दाखवा."

"तू लेक हाईस त्यांची. लेकीबाळीला पाय लावत न्हाईत, बाई."

तिचा लेक बिरदेव तिकडून ओरडला, स्वप्नालीनं विनवलं. धोंडुबाई ढिम्म हलेना. मग हंबीररावांनी वाकून पायातली चप्पल काढली. गुडघा धरलेला, तरी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आपला पाय टेबलावर घेतला आणि थेट फोनसमोर धरला. टाच भेगाळलेली, अंगठ्याला भलं मोठं कुरूप.

"आबा!" संयोगिता किंचाळलीच.

तिकडं आधी बिरदेवला हसू फुटलं, त्यामागं स्वप्नालीला, आणि शेवटी पदर तोंडाला लावून धोंडुबाईला.

"हां. मी आधी लावला," डॉक्टर पाय चोळत म्हणाले. "आता तुजी पाळी."

लुगड्याखालून पाय हळूहळू बाहेर आला. स्वप्नालीनं फोन जवळ नेला. करंगळी काळी पडली होती आणि तिच्या बाजूचं कातडं सुजून चकाकत होतं. हंबीरराव ओरडले नाहीत. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"धोंडुबाई, आजच्या आज मिरजेला जायचं."

"कोकरं नवी हायती, डाक्टरसायेब..."

"कोकरं बिरदेव बघंल. तू माझं ऐक. एवढी वरसं कवा ऐकलं न्हाईस, आज ऐक."

धोंडुबाईनं मान डोलावली. ज्यांच्या रानात मेंढरं बसली होती, त्या सयाजीरावांनी जीप काढली. तोवर संयोगितानं मिरजेच्या आपल्या ओळखीच्या सर्जनला फोन लावून खाट राखून ठेवली होती. धोंडुबाईची करंगळी काढावी लागली, पण पाय राहिला. अजून आठवडा गेला असता तर पाऊलच काढावं लागलं असतं, असं सर्जननं सांगितलं.

स्वप्नाली रोज सकाळी जखमेचा फोटो पाठवायची. डॉक्टर तो मोठा करून करून बघायचे, संयोगितालाही दाखवायचे. तरी चौथ्या दिवशी ते म्हणाले, "गाडी काढ. मिरजेला जाऊन येऊ."

वॉर्डात धोंडुबाई उशीला टेकून बसली होती. त्यांना बघून तिनं घाईनं पदर सावरला आणि लगेच रागावली.

"आवं, फोन हाय की! गुडघं धरल्यालं माणूस, एवढ्या लांब कशाला आलासा?"

"फोनवर बघून समाधान हुईना," हंबीरराव म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिची नाडी बघत बसले. खरं तर नाडी बघायची काही गरज नव्हती. धोंडुबाईनंही हात काढून घेतला नाही.

"स्वप्नाली," ती म्हणाली, "सायबास्नी चहा आण गं. अन् साखर कमी सांग. ह्यांची बी शुगर कुणीतरी तपासाय पायजे."

दाराशी उभी असलेली संयोगिता म्हणाली, "मंगळवारी दोघांची एकदमच तपासते, मावशी."