खालचा सा

शर्वरीनं भय्यासाहेबांचा उजवा हात खिडकीच्या उजेडात धरला आणि तळहाताच्या मधोमध अंगठ्यानं दाबलं. दाबली तेवढी जागा पांढरी पडली. अंगठा उचलताच ती पुन्हा लाल झाली.

"दुखतंय का, काका?"

"बिल्कुल नाही."

"जळजळ? चालताना तळपायाला टोचल्यासारखं?"

"काही नाही होत. पण लाली बघ ना कशी चढली आहे!" भय्यासाहेबांनी दुसराही हात पुढे केला. "मी तर हिला म्हटलं, लग्नात तुझी मेंदीसुद्धा इतकी रंगली नव्हती."

अहल्याबाई बाजूच्या स्टुलावर पाण्याची बाटली सांभाळत बसल्या होत्या.

"माझी मेंदी छान रंगली होती. बघायला तुम्हाला फुरसत कुठे होती? मांडवातल्या पेटीवाल्याशी सुरावरून भांडत होता तुम्ही."

"तो अर्धा सूर उतरून वाजवत होता गं!"

शर्वरी हसली. हसता हसता तिनं तळहातांचे फोटो काढले आणि संगणकात काहीतरी लिहिलं. मग ती रक्त काढायची नळी आणायला उठली. उठताना तिनं पुन्हा एकदा त्या हातांकडे पाहिलं, आणि ते पाहणं अहल्याबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

शहरातल्या फ्रीगंज भागातल्या त्या दवाखान्यात त्यांची चक्कर आता सवयीची झाली होती. भय्यासाहेबांच्या लिव्हरमधली गाठ सापडली ती साध्या सोनोग्राफीत, आणि पक्की झाली ती सीटीच्या फोटोंवर. शिरेतून दिलेलं औषध गाठीत आधी चमकतं आणि बाकीच्या लिव्हरच्या आधी विझतं. एवढ्यावरून ओळखता येतं, सुई टोचायचीसुद्धा गरज नाही पडत, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. आधी चमकतं आणि आधी विझतं. अहल्याबाईंना ते वाक्य पुढे कितीतरी दिवस देवापाशी दिवा लावताना आठवत राहिलं.

शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. नेहमीचं इंजेक्शन सुरू झालं, आणि त्याच्याबरोबर एका नव्या गोळीवर जे संशोधन चाललं होतं, त्यात भय्यासाहेबांनी नाव दिलं. शर्वरी त्या संशोधनाचं काम बघायची. तिनं मराठीत नीट सांगितलं होतं, की इंजेक्शन सगळ्यांना मिळेल; गोळी मात्र निम्म्या लोकांची खरी असेल आणि निम्म्यांची नुसती तशीच दिसणारी, रिकामी; रिकामीशी ताडून पाहिल्याशिवाय खरीचा गुण कळत नाही. कोणाची कुठली हे पेशंटला नाही माहीत, डॉक्टरांना नाही माहीत, तिलाही नाही.

"म्हणजे कळतं फक्त वरच्याला," भय्यासाहेब म्हणाले होते.

"कम्प्यूटरला, काका."

"तेच ते. माझा वरचा, तुझा कम्प्यूटर."

खऱ्या गोळीनं हातापायांची कातडी लाल होते, सोलवटते, हेही तिनं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून तळहातांना लाली दिसली त्या सकाळी भय्यासाहेबांनी देवघरात उभं राहून मोठ्यानं जयजयकार केला, आणि शेजारच्या जोशीबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या.

रक्त देऊन भय्यासाहेब आत डॉक्टरांकडे गेले. अहल्याबाई बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. समोर तराण्याकडच्या एका खेड्यातले मांगीलालजी होते. त्यांचीही गाठ लिव्हरचीच, आणि तेही याच गोळीच्या संशोधनात. मागच्या वेळी ते नाशिकला द्राक्षं बघायला जायच्या गोष्टी करत होते. आज त्यांच्या पायांत मऊ फडकी गुंडाळलेली होती. त्यांची बायको कागदावरचे पोहे बोटांनी कालवून त्यांना भरवत होती, कारण त्यांना घास धरवत नव्हता. तळहातांची कातडी टाचांसारखी पिवळट, जाड झाली होती आणि बोटांच्या पेरांशी सोलून निघत होती.

"बहुत जलन है, बाई," मांगीलालजींची बायको म्हणाली. "पर ये बोलते हैं, जलन है तो दवा सच्ची है."

"और भाईसाहब के हाथ?" मांगीलालजींनी विचारलं.

"लाल झाले... लाल हो गए हैं," अहल्याबाई म्हणाल्या. "दुखते नहीं."

मांगीलालजींनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. तो चांगला माणूस होता.

शर्वरी औषधांच्या खोलीत नव्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होती. अहल्याबाई दारात उभ्या राहिल्या.

"शर्वरी, एक विचारू? लिव्हर बिघडलं तरी तळहात लाल होतात का गं? नुसते लाल? न दुखता?"

शर्वरीचा हात थांबला.

"काकू, कोणती गोळी चालू आहे ते मला खरंच नाही माहीत."

"गोळीचं नाही विचारत. तळहाताचं विचारते."

"होतात," ती हळूच म्हणाली. चिठ्ठी नीट चिकटवली आणि म्हणाली, "पण त्यावरून पक्कं काही नाही सांगता येत."

"आणि आम्ही यातून बाहेर पडलो तर?"

"कधीही पडता येतं. कोणी कारणसुद्धा नाही विचारणार. इंजेक्शन तसंच चालू राहील. बाजारात दुसरी एक जुनी गोळी आहे, डॉक्टर तिचा विचार करतील. ती लागूच पडेल असं नाही, पण..." तिनं बाटली अहल्याबाईंच्या हातात दिली. "काकांशी बोला. आणि डॉक्टरांशी."

रिक्षात भय्यासाहेब बाहेर बघत बसले होते. एरवी टावर चौक आला की ते हटकून म्हणायचे, 'आज कचोरी आपल्याला बघून हसते आहे, आपण नाही हसायचं.' आज चौक मागे पडला.

"मांगीलाल भेटला होता बाहेर," ते एकदम म्हणाले. "त्याला चप्पल नाही घालवत."

"हो. पाहिलं मी."

"बिचारा," ते म्हणाले, आणि आपले दोन्ही हात उपरण्याखाली घेऊन बसले.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या दत्तमंदिरात भय्यासाहेबांचं कीर्तन होतं. आजाराआधीचं ते उभं राहून तास न् तास चालणारं कीर्तन आता होत नव्हतं, पण गुरुवार सोडायला भय्यासाहेब तयार नव्हते. दुपारी ते खाटेवर पडून चिपळ्या छातीशी धरून गुणगुणत होते. अहल्याबाई स्वयंपाकघरात बाटलीतली गोळी तळहातावर घेऊन उभ्या होत्या. पांढरी, गुळगुळीत, कडेला एक बारीक रेघ. इतके दिवस ती देताना त्या मनात दत्ताचं नाव घेत. आज तिला नख लावून फोडून बघावंसं वाटलं. फोडून तरी काय दिसणार होतं?

एकेक दिवस मोलाचा, आणि तो या रिकाम्या गोळीला द्यायचा? उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करायचा, त्यांनी ठरवलं. यांना सांगायचं कसं, तेवढं मात्र ठरेना. त्या लालीवर माणूस उभा होता. ती काढून घेतली तर तो कशावर उभा राहील?

"गोळी आण ना," आतून हाक आली.

"आज राहू द्या. कीर्तनानंतर बघू."

 आतलं गुणगुणणं थांबलं. अहल्याबाईंनी गोळी कागदाच्या पुडीत बांधली, आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून, मंदिरात न्यायच्या खडीसाखरेच्या डबीत ठेवली.

मंदिरात नेहमीचीच मंडळी होती. पेन्शनर, त्यांच्या सुना, मराठी समजणारी पण हिंदीत भांडणारी नातवंडं. तबल्यावर बँकेतला सुहास. अहल्याबाई पेटी उघडून भय्यासाहेबांच्या मागे, डाव्या हाताला बसल्या. त्यांची ती जागा लग्नापासूनची. कीर्तनकाराची बायको नवऱ्याला समोरून कमीच बघते. त्याची पाठ तिला चांगली पाठ असते. आज धोतराच्या वर अंगरखा सैल लोंबत होता, पण पाठ ताठ होती.

नमन झालं. पूर्वरंगाला नामस्मरणाचा अभंग घेतला आणि भय्यासाहेब रंगात आले. अधूनमधून पोरांसाठी हिंदीत उतरत होते. "नाम में बॅलन्स नहीं देखना पडता, कभी भी निकालो!" पोरं हसली. मग एका ओळीवर ते थांबले, आणि मागे न बघता म्हणाले,

"बाई, जरा पेटी थांबवा. सुहास, तूही."

अहल्याबाईंनी भाता सोडला.

साथ थांबली आणि भय्यासाहेब एकटे गायला लागले. तीच ओळ, पुन्हा पुन्हा, आर्जवानं. आवाज पातळ झाला होता, पण अजून गोड होता. लोक डोलायला लागले. पुढे बसलेल्या जोशीबाईंनी डोळे पुसले. ओळ आळवून आळवून ते वरच्या सा-वर टेकले आणि म्हणाले,

"आता सा द्या."

अहल्याबाईंनी पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. पेटीचा सा निघाला आणि सगळी सभा चपापली. भय्यासाहेबांचा सूर आणि पेटीचा सूर एकमेकांना खेटून करकरत होते. गाता गाता भय्यासाहेब सुरातून कधी सुटले, कोणालाच कळलं नव्हतं. मुद्दाम सुटले, की थकलेल्या गळ्यानं सुटले, हे अहल्याबाईंनाही कळेना.

भय्यासाहेब हसले.

"ऐकलंत? तुम्ही डोलत होता. मीही डोलत होतो. मी चढलो की उतरलो, कोणाला कळलं? नाही कळलं. कारण खाली सा नव्हता." त्यांनी चिपळ्या काखेत धरल्या. "मंडळी, गवयाला टाळ्या मिळतात. मागे एक माणूस एकच पट्टी दाबून बसलेला असतो. त्याला तान नाही, हरकत नाही, त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. त्याला वाटलं, मी काय नुसताच बसलो आहे, उठतो. उठला तर? गवई वर गेला की भरकटला, हे जगाला कधी समजणारच नाही. म्हणून देव काहींना गायला लावतो आणि काहींना सा धरून बसायला लावतो. आपल्याला काय सांगितलं आहे, ते त्यालाच ठाऊक. आपण जागा नाही सोडायची."

बोलताना त्यांनी उजवा हात उचलला होता. समईच्या उजेडात तळहात लालभडक दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, जसं माणूस दुसऱ्याच्या हाताकडे पाहतो, आणि तो खाली घेतला.

अहल्याबाईंचं बोट पट्टीवर तसंच होतं. भाता हलत होता. त्यांना पुढचं बराच वेळ नीट ऐकू आलं नाही.

पूर्वरंग संपला. मध्यंतरात नामाचा गजर सुरू झाला. पुजाऱ्यानं भय्यासाहेबांना बुक्का लावला, हार घातला. लोक एकेक करून पाया पडायला येऊ लागले. गर्दी जरा सरली तसा त्यांनी उजवा हात मागे केला, न बघता, तळवा वर करून. घसा ओला करायला खडीसाखर हवी असली की ते असाच हात करत. आयुष्यभर असाच केला होता.

अहल्याबाईंनी डबी उघडली. खडा काढून त्या लाल तळव्यावर ठेवला.

हात तसाच राहिला. मिटला नाही.

"ती नव्हे," भय्यासाहेब हलकेच म्हणाले. पाठ तशीच समोर होती. "दुपारची."

गजर चालूच होता. अहल्याबाईंनी खडा उचलून घेतला. डबीतली पुडी काढून सोडली. मग गोळी त्यांनी तळव्याच्या मधोमध ठेवली आणि पाण्याचं भांडं पुढे केलं.

भय्यासाहेबांनी तीर्थ घ्यावं तसा हाताचा खळगा केला, गोळी घेतली, वर घोटभर पाणी घेतलं, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"चला," ते म्हणाले. "उत्तररंग."

अहल्याबाईंनी भाता ओढला आणि खालचा सा धरला.