पन्नास बहिणींच्या बरण्या

संग्रहालयाच्या तळघरात तिला बावीस वर्षं झाली, पण किड्यांची किळस काही गेली नाही. पन्नास बरण्या, प्रत्येकीत स्पिरिट आणि स्पिरिटात एकेक समुद्री किडा: वीतभर लांब, दोन्ही अंगांना पायांची झालर, तोंडात आकड्यांसारखा जबडा. शी! वर्षातून एकदा स्पिरिट बदलायचं, ते ती तोंड फिरवून, चिमट्याने, श्वास रोखून बदलायची.

किडे आणले होते तिच्या बाबांनी, याच संग्रहालयाच्या नोकरीत, गुडघाभर चिखलात उभं राहून. ग्रीक पुराणातल्या समुद्राच्या म्हाताऱ्या देवाला पन्नास मुली होत्या, नेरीड म्हणत त्यांना. शास्त्रज्ञांनी या किड्यांना त्याच मुलींचं नाव दिलं आणि बाबांनी हट्टाने बरोब्बर पन्नास जाती जमवल्या. "त्या म्हाताऱ्याला आपल्या पोरी ओळखू यायच्या, मलाही येतात," असं ते सांगत. देखण्या पोरींचं नाव असल्या लिबलिबीत जनावरांना द्यायचं म्हणजे कहरच, असं तिला वाटे.

बाबांचा एक नियम होता. जात, किनारा, तारीख हे सगळं जाड कागदावर शिसपेन्सिलीने लिहायचं आणि कागद बरणीच्या आत, किड्याशेजारी सोडायचा. बाहेरचं लेबल गळून पडतं, आतलं कुठे जाणार?

गेलं ते नव्या साहेबांमुळे. मोठे पाहुणे येणार म्हणून, ती आठवडाभर रजेवर असताना, साहेबांनी जुने पिवळे कागद काढले आणि ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत छापून नवे आत टाकले. कोपऱ्यात जलपरीचं चित्रसुद्धा! ती परतली तेव्हा छापील शाई विरघळून स्पिरिट जांभळं झालं होतं आणि कागद कोरे. वर साहेबांनी जुना क्रम मोडून बरण्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या.

"त्यात काय एवढं? सगळे किडे सारखेच तर दिसतात," साहेब दात कोरत म्हणाले.

"आणि जुने कागद?"

"ते घाणेरडे? टाकले तिकडे बादलीत."

बादलीत फरशी पुसायचं फडकं, कुबट पाणी आणि भिजलेल्या कागदांचा गोळा. साहेबांकडे बघून तिला जितकी शिसारी आली, तितकी कुठल्याही किड्याची आली नव्हती. तिने कोपरापर्यंत हात घातला. कागदांना किड्यांचे तुटके पाय चिकटले होते. पण तिने हात बाहेर काढला नाही. पन्नासच्या पन्नास कागद निघाले आणि पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिने पहिला कागद हातात धरला आणि बरण्यांच्या रांगेकडे पाहिलं. हा कागद कुणाचा? ते कळलं नाही तर बाबांचं सगळं आयुष्य म्हणजे पन्नास निनावी किडे.

तिने घरी फोन लावला. बाबांची नजर दोन वर्षांपूर्वीच गेली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रडतेस कशाला? माझे डोळे गेलेत, तुझे शाबूत आहेत ना? बावीस वर्षं हाताळतेयस तू त्यांना. सहज ओळखशील."

"बाबा, मला नाही येत ओळखू."

"किती येत नाहीत?"

"एकही येत नाही. मी कधी बघितलंच नाही त्यांच्याकडे. किळस यायची मला."

तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. साहेबांनी एका आठवड्यात नासधूस केली होती, पण साहेबांचे ते किडे कोण लागत होते? तिला स्वतःचीच इतकी घाण वाटली की चिमट्याकडे तिचा हात गेलाच नाही. पहिली बरणी उघडून तिने किडा थेट तळहातावर घेतला. थंड, बुळबुळीत. तरी तिने चेहरा जवळ नेला.

"चार डोळे आहेत याला, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

"ते सगळ्यांनाच असतात," बाबा म्हणाले. "पुढे सांग."